बोका खाली पाहतो, मग पडतो!

गेल्या हिवाळ्यात हर्सूलला एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम पडला होता. संध्याकाळची वेळ. टीव्हीसमोर त्यांच्या मातोश्री आणि नववीत शिकणारा नातू असे दोघेच बसले होते. पडद्यावर एक बोका एका उंदरामागे धावत होता. कार्यक्रम इंग्रजी होता म्हणे, पण त्यात कोणी बोलतच नव्हते. भांडी फुटत होती, दारे आपटत होती आणि वाद्ये वाजत होती. उंदीर गच्चीच्या टोकाशी झटकन वळला. बोक्याला काही वळता आले नाही. तो तसाच धावत गेला तो थेट हवेत! चारपाच पावले तो हवेतच धावला, मग थांबला. आजी एकदम ओरडल्या, "खाली बघू नगंस रे बाबा, पडशील!"

बोक्याने खाली पाहिले, आपल्याकडे एकवार केविलवाणी नजर टाकली आणि तो दगडासारखा खाली गेला. आजी आणि नातू दोघेही पोट धरून हसले.

मी विचारले, "आजी, खाली बघितल्यावरच का पडला हो तो?"

"आता गं बया! बघितल्याबिगर त्याला कळणार कसं, पायाखाली काई न्हाई म्हणून?"

आजी शाळेत गेलेल्या नाहीत. तरी या एका उत्तरात त्यांनी दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. पहिली ही, की आधार नसलेली वस्तू खाली पडलीच पाहिजे. दुसरी ही, की कार्टूनच्या जगात हा नियम ज्याचा त्याला समजेपर्यंत लागू होत नाही! मार्क ओडॉनेल या अमेरिकी विनोदी लेखकाने १९८० साली 'एस्क्वायर' मासिकात 'कार्टूनमधील गतीचे नियम' अशा थाटाचा एक गमतीदार लेख लिहिला होता. त्यातला पहिला नियम हाच आहे. आजींनी तो लेख वाचलेला असण्याचे कारण नाही. पण पाहता पाहता नियम त्यांना कळला होता, आणि तो कळल्यावाचून त्या हसल्याच नसत्या.

मित्रांनो, थोडा विचार करून पाहा. ज्याला गुरुत्वाकर्षण ठाऊकच नाही, त्याला हवेत उभा राहिलेला बोका पाहून हसू येईल का? त्याला त्यात वावगे काहीच दिसणार नाही. नियम मोडल्याची गंमत कळायला आधी नियम माहीत हवा. मग हे ज्ञान आपल्याला मिळते तरी केव्हा? आठवीच्या पुस्तकात? छे! एमी नीडहॅम आणि रेने बायारजाँ या दोन मानसशास्त्रज्ञ महिलांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग साडेचार महिन्यांच्या तान्ह्या बाळांवर केलेले होते. बाळासमोर एक खोके दुसऱ्या खोक्यावर ठेवायचे. मग हात पुढे नेऊन ते अधांतरी सोडून द्यायचे. पडद्यामागे गुप्त आधार असल्यामुळे खोके हवेतच राही. अशा अशक्य दृश्याकडे बाळे नेहमीच्या दृश्यापेक्षा जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. ज्याला अजून नीट बसताही येत नाही, त्यालाही आधार सुटलेली वस्तू हवेत राहणे खटकते.

पडद्यावरचा तो बोका म्हणजे टॉम आणि उंदीर म्हणजे जेरी, हे तुम्ही ओळखले असेलच. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी ही जोडी जन्माला घातली. पहिला चित्रपट १० फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेत दाखवला गेला. त्यात बोक्याचे नाव जॅस्पर होते. पुढे १९५८ पर्यंत या दोघांनी असे ११४ लघुपट केले आणि मालिकेने सात ऑस्कर मिळवले. म्हणजे हर्सूलच्या आजी ज्याला पाहून हसत होत्या, तो बोका कदाचित त्यांच्याहूनही वयाने मोठा होता. त्या काळातले कितीतरी गाजलेले बोलपट आज कोणी पाहत नाही. हा बोका मात्र आजीला हसवतो, नातवालाही हसवतो, आणि दोघांनाही कोणी काही समजावून सांगावे लागत नाही.

याचे एक कारण उघड आहे. यात भाषा जवळजवळ नाहीच. शब्दांचे काम संगीत करते. स्कॉट ब्रॅडली हा संगीतकार पावलागणिक, आदळण्यागणिक वाद्य योजीत असे. दुसरे कारण म्हणजे अफाट मेहनत. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. सात मिनिटांच्या एका लघुपटासाठी ७ × ६० × २४ म्हणजे १०,०८० चित्रचौकटी झाल्या! बरेचदा एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींना वापरीत, तरी पाच हजारांच्या घरात चित्रे उरतातच. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर बोका वेगळा, उंदीर वेगळा काढलेला असला, तर त्याहूनही अधिक. बोक्याने हवेत किती चौकटी थांबायचे, हे मोजून ठरवावे लागते. कमी थांबला तर गंमत कळत नाही, जास्त थांबला तर हसू विरते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सुटी चित्रे आपल्याला हलती दिसतात ती 'दृष्टिसातत्या'मुळे, म्हणजे डोळ्यांत आधीच्या चित्राची प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते पुरेसे नाही. प्रतिमा नुसत्या रेंगाळल्या असत्या, तर एकावर एक चढून त्यांचा गिचमिड काला झाला असता. मॅक्स व्हर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवून दिले, की ठराविक अंतराने दोन ठिकाणी दोन आकृत्या दाखवल्या, तर त्यांच्यामधली हालचाल मेंदू स्वतःच 'पाहतो'. पडद्यावर हालचाल नसतेच, ती आपण भरतो. बोक्याला धावता करणारे तुम्हीच!

पण प्राणीच का? माणसे का नकोत?

हर्सूलवरून उत्तरेला जाणारा रस्ता फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याला जातो. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण १०० किलोमीटरवर ही लेणी आहेत. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे गेलात, तर पहिल्या लेण्यातला एक खांब चुकवू नका. त्याच्या माथ्यावर चार हरणे कोरलेली आहेत, पण डोके मात्र एकच आहे. ज्या हरणाकडे पाहावे, त्याचेच ते डोके वाटते. चार वेगवेगळ्या स्थितींतली शरीरे आणि त्यांना जोडणारा आपला मेंदू! सतराव्या लेण्यात महिषजातकाचे चित्र आहे. एक खोडकर माकड शांत स्वभावाच्या रेड्याच्या पाठीवर चढून त्याला सतावते आहे. त्याचे डोळेही झाकते आहे. ही चित्रे पाचव्या शतकातली. रेडा म्हणजे बोधिसत्त्व, आणि गोष्ट सहनशीलतेची. पण ते माकड रंगवताना चित्रकाराला हसू आले नसेल, असे मला तरी वाटत नाही.

पंचतंत्रातले माकड आठवा. सुताराने ओंडका अर्धा चिरून फटीत पाचर ठोकून ठेवली आणि तो जेवायला गेला. माकड फटीत शेपूट सोडून बसले आणि पाचर उपटू लागले. पाचर निघाली, फाकलेल्या लाकडात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी झाली, आणि फट मिटली! ही घटना कोणत्याही कार्टूनमध्ये जशीच्या तशी बसेल. फरक एवढाच, की पंचतंत्रातले माकड जिवानिशी जाते. कार्टूनमधले माकड वाकडी झालेली शेपूट सरळ करून पुन्हा पाचरीकडे वळले असते. गोष्ट सांगणाऱ्याला नीती सांगायची होती, कार्टूनवाल्याला खेळ पुढे चालवायचा असतो. त्या ठिकाणी माणूस असता तर आपण कळवळलो असतो. प्राण्याच्या सोंगामुळे मधे एक पडदा येतो आणि हसण्याची मुभा मिळते.

आपल्याकडच्या पडद्यावरही हे सोंग लवकर आले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी वाटाण्याच्या वेलाची वाढ थोड्याथोड्या वेळाने एकेक चौकट टिपून चित्रित केली होती आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा व्यंगचित्रपट काढला. त्याचे चलच्चित्रण रघुनाथ केळकर यांचे. जंबुक म्हणजे कोल्हा, तेव्हा काका कोण हे सांगायला नको! पुढे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटाचा विभाग निघाला. डिस्नेच्या कलागृहात काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तिथल्या तरुणांना शिकवले. त्यातून १९५७ साली 'द बॅनियन डिअर' हा पट तयार झाला, तोही एका हरणाच्या जातककथेवर. जातकातली हरणे अजिंठ्याच्या भिंतीवरून निघाली आणि दीड हजार वर्षांनी फिल्मच्या पट्टीवर धावली, असे म्हणायला हरकत नाही.

धावण्यावरून आठवले. कोयोटी आणि रोडरनर ही दुसरी प्रसिद्ध जोडी चक जोन्स यांनी १९४९ साली पडद्यावर आणली. कोयोटी हा अमेरिकेतला लांडग्याच्या कुळातला, आपल्या कोल्ह्याच्या चणीचा प्राणी. रोडरनर हा खराखुरा पक्षी आहे आणि तो कोकिळेच्या कुळातला आहे. म्हणजे हर्सूल तलावाच्या आसपासच्या झुडपांत 'हूप हूप' करीत जमिनीवरून चालणारा आपला भारद्वाज त्याचा नातलग झाला! पडद्यावर हा पक्षी कोयोटीच्या हाती सहसा लागत नाही. प्रत्यक्षात रोडरनर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावतो आणि कोयोटी त्याच्या जवळजवळ दुप्पट. निसर्गात ही मालिका पहिल्याच भागात संपली असती.

जोन्स यांनी या मालिकेसाठी ठरवलेले काही नियम पुढे प्रसिद्ध झाले. शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच कोयोटीचा सर्वांत मोठा शत्रू असावा, असा त्यात एक नियम आहे. शत्रू उंदीर नव्हे, पक्षी नव्हे, निसर्गाचा नियम! खरी शर्यत लागलेली असते ती त्याच्याशी, आणि ती कोण जिंकणार हे लहान मुलालाही ठाऊक असते.

इथपर्यंत आजींची बाजू पक्की होती. पण त्या रात्री जेवणे झाल्यावर मी नातवाला एक प्रश्न घातला. कागदावर गच्ची काढली, तिच्या टोकाशी धावता बोका काढला आणि म्हटले, "खरोखरीचा बोका असा धावत बाहेर पडला, तर तो कोणत्या वाटेने खाली येईल ते काढ."

त्याने पेन्सिल घेतली. गच्चीच्या टोकापासून थोडी आडवी रेघ, मग खाली सरळ उभी रेघ.

"हवेत थांबायचं नाही ना," तो म्हणाला, "म्हणून आडवी रेघ लहान काढली, काका."

हवेत थांबणे चूक, हे त्याला कळले होते. उभी रेघ चूक आहे, हे कळले नव्हते. आणि मित्रांनो, कार्टून पाहताना आपण सारे नेमके इथेच फसतो. बोका हवेत थांबला की हसतो. मग तो ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ खाली गेला, की त्यात काही चुकले असे आपल्याला वाटतच नाही. एक चूक मोठ्याने ओरडते, दुसरी तिच्या आडून गुपचूप निसटते.

खरे काय होते ते पाहू. समजा, बोका सेकंदाला १० मीटर वेगाने २० मीटर उंच गच्चीवरून बाहेर पडला. हिशेबासाठी गुरुत्वीय त्वरण १० धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. पायाखालची फरशी संपली म्हणून पुढे जाण्याचा वेग संपत नाही. त्याला अडवणारे कोणी नाही. जडत्वाचा नियम तो हाच. त्याच वेळी, पहिल्याच क्षणापासून, खाली पडणेही सुरू झालेले असते. एका सेकंदाने तो १० मीटर पुढे आणि ५ मीटर खाली असेल. दोन सेकंदांनी २० मीटर पुढे आणि २० मीटर खाली, म्हणजे जमिनीवर. वाट वाकडी, अन्वस्त. आडवी रेघ कुठेच नाही आणि उभी रेघही कुठेच नाही.

नातू खट्टू झाला. त्याला म्हटले, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या बाजूला मोठमोठे लोक आहेत. चौदाव्या शतकातल्या युरोपातले पंडित म्हणत, की फेकलेल्या वस्तूत एक प्रकारचा 'जोर' भरलेला असतो. तो असेतो ती सरळ जाते आणि तो सरला की खाली येते. कार्टूनमधल्या बोक्याची वाट जवळपास हीच! गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात अन्वस्ताची सिद्धता मांडली, तेव्हा कुठे हा विचार मागे पडला. पण तो पुस्तकांतून गेला, डोक्यांतून गेला नाही. मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारले, की चालता चालता माणसाच्या हातातून चेंडू सुटला तर तो कुठे पडेल? जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांनी सांगितले, की जिथे सुटला त्याच्या बरोबर खाली. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले.

असे का वाटते? कारण आपण पडणाऱ्या वस्तूची तुलना जमिनीशी न करता ती नेणाऱ्याशी करतो. चालत्या बाईच्या डोक्यावरची मोळी सुटली, तर ती तिच्या पायाशी पडते. बाई पुढे जात असते, मोळीही तितकीच पुढे जात असते. म्हणून बाईच्या हिशेबी ती सरळ खाली आलेली दिसते. डोळे खोटे सांगत नाहीत, आपण तुलना चुकीच्या वस्तूशी करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. जमिनीवर फक्कीने हातभर व्यासाचे वर्तुळ काढले. अट एवढीच, की धावत यायचे आणि न थांबता, न फेकता, हातातली वाळूची पुरचुंडी नुसती सोडून वर्तुळात पाडायची. बघता बघता दहाबारा मुले जमली. जो तो बरोबर वर्तुळावर आला की पुरचुंडी सोडी आणि ती पलीकडे जाऊन पडे. गणित सांगते ते असे: कमरेएवढ्या म्हणजे एक मीटर उंचीवरून पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ३ मीटर वेगाने धावणाऱ्याची पुरचुंडी जवळजवळ १.३५ मीटर पुढे जाते. एका मुलीने पहिल्या दोनतीन खेपांतच हे हेरले आणि वर्तुळाच्या दीडेक पाऊल आधीच पुरचुंडी सोडली. वर्तुळात! मग तिने बाकीच्यांना शिकवले. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गाला जरूर करून दाखवावा. त्याला खर्च नाही.

कोणी म्हणेल, पुरचुंडी दोन हात पुढे पडली काय किंवा मागे, बिघडते कुठे? बिघडते. याच रस्त्यावरून एसटी जाते, काळीपिवळी जाते. गाडी थांबायच्या आत खाली उतरणारे रोज दिसतात, त्यांत दप्तर पाठीवर असलेलेही असतात. गाडी ताशी २० किलोमीटरने चालली असेल, तर उतरणाऱ्याचाही वेग तेवढाच, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर असतो. पाय पायरीवरून सुटला म्हणून तो वेग गाडीत राहत नाही. पाय जमिनीला टेकून थांबतात, धड पुढे जात राहते आणि माणूस तोंडावर आपटतो. त्याच्या डोक्यात नातवाने काढलेली उभी रेघ असते. गाडी पूर्ण थांबल्यावाचून उतरू नये, हे वाहक सांगतो तेव्हा तो जडत्वाचा नियमच सांगत असतो.

आता पडल्यानंतरचे पाहू. कार्टूनमधला बोका भाकरीसारखा चपटा होतो आणि पुन्हा फुगून पळू लागतो. चपटा होताना आडवा पसरायचा, लांब होताना बारीक व्हायचे, म्हणजे आकारमान तेवढेच राहिल्यासारखे वाटते, ही चित्रकारांची युक्ती डिस्नेच्या कलागृहात १९३० नंतरच्या दशकात घोटली गेली. गंमत अशी, की चपटे होण्यात विज्ञान आहे. तीन मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. ती तीन सेंटिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावर वजनाच्या सुमारे शंभरपट बल पडते. तीस सेंटिमीटरमध्ये थांबली तर दहापट. थांबायला जितके जास्त अंतर, तितका मार कमी. उडी मारल्यावर आपण गुडघे वाकवतो ते त्यासाठीच. पण आपली हाडे चपटी होत नाहीत. कवटी तर मुळीच नाही.

खऱ्या मांजराची करामत वेगळी आहे. त्याला उलटे धरून सोडले तरी ते चारही पायांवर उतरते. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली पडत्या मांजराची वेगाने एकामागून एक छायाचित्रे घेतली आणि ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. म्हणजे चित्रपटाच्या जन्मकाळी मांजर पडले ते विज्ञानासाठी! पंडितांत खळबळ उडाली. ढकलायला काही नसताना हवेत वळायचे कसे? मांजर सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देत असेल, अशी शंका निघाली. छायाचित्रांत तर सुरुवातीला ते फिरत नव्हते. उलगडा असा, की मांजर कमरेत वाकते आणि अंगाचे पुढचे व मागचे अर्धे भाग वेगवेगळे फिरवते. पाय कधी जवळ घेते, कधी लांब करते. १९६९ साली केन आणि शेर या दोघांनी त्याचे गणितही मांडले.

न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली. आकडा ऐकून टॉमवर विश्वास बसू लागतो, नाही? पण जरा थांबा. ही सारी मांजरे दवाखान्यात आणलेली होती. जी पडताच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आकडेवारी वाचताना, यात कोण मोजलेच गेले नाही, हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही कार्टूने मुलांना मारामारी शिकवतात, असे पुष्कळ पालक म्हणतात. मी स्वतः ती पाहत मोठा झालो आणि हा आरोप हसण्यावारी नेत आलो. परंतु अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली बालवाडीतल्या मुलांना जे चित्रपट दाखवले, त्यांतल्या एकात काळ्या मांजराचे सोंग घेतलेले पात्र फुगवलेल्या बाहुल्याला बदडत होते. ते पाहिलेली मुले नंतर बाहुल्याशी, न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त दांडगाईने वागली. बाहुल्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, हे खरे. तरी चार वर्षांच्या मुलाला प्राण्याच्या सोंगामागचा तो पडदा दिसतोच असे नाही. लहान भावंड शेजारी बसले असेल, तर पडणाऱ्याला खरोखर काय होते, हे त्याला सांगण्याचे काम तुमच्यासारख्या मोठ्यांचे.

मी निघण्यापूर्वी नातवाने एक उद्योग केला. जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी बोका काढायचा आणि अंगठ्याने पाने भरभर सोडायची, हा खेळ तुम्हीही करू शकाल. त्याने मोजपट्टी घेतली. प्रत्येक पानावर बोका ६ मिलिमीटर पुढे. खाली मात्र पहिल्या पानावर १ मिलिमीटर, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ९, चौथ्यावर १६, असे वर्गाच्या हिशेबाने. दहाव्या पानावर बोका ६ सेंटिमीटर पुढे आणि १० सेंटिमीटर खाली पोचला. पाने सोडली, तर काय सुरेख वळण घेऊन तो पडला! अगदी गॅलिलिओने पाठ थोपटावी असा.

त्याने ती वही आजींना दाखवली. त्यांनी दोनदा पाने सोडून पाहिली.

"पडलं की लगीच," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

नातू वही घेऊन कोपऱ्यात गेला. गच्चीच्या टोकापुढे त्याने आठ नवी पाने चिकटवली. त्या आठही पानांवर बोका एकाच जागी, हवेत. शेवटच्या दोन पानांवर फक्त त्याचे डोळे खाली वळलेले.

आजींनी पाने सोडली आणि पुन्हा पोट धरून हसल्या. "बघ, म्हनलं हुतं ना, खाली बघू नगंस!"

"आठ पानं जास्त होतात का हो, काका?" नातू मला विचारीत होता. "सहा करून बघू का?"